हंपीला निघण्याआधी

हंपीला जायचं ठरलं की सगळ्यात आधी सुट्टी मोजा. विजयनगरची अख्खी राजधानी तुंगभद्रेकाठी पसरली आहे, ती एका दिवसात बघून होत नाही. दोन रात्री तरी मुक्काम ठेवा, आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कोल्हापूर-मिरजेकडच्यांना हरिप्रिया एक्स्प्रेस होसपेटला नेऊन सोडते. तिथून हंपी साधारण १३ किलोमीटर, बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

सामान थोडंच घ्या, पण टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि जाड मोजे विसरू नका. मोजे कशाला? विरूपाक्षाच्या देवळात आजही पूजाअर्चा चालते, चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि दुपारच्या उन्हात अंगणातल्या दगडावर पाय टेकवत नाही. याच देवळात मागच्या बाजूच्या अंधाऱ्या जागेत जरूर जा. भिंतीतल्या एवढ्याशा भोकातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर राजगोपुराची सावली उलटी उमटते, कळस खाली आणि दार वर. घाई केलीत तर दिसायची नाही. डोळे अंधाराला सरावू द्या.

बॅटरी जवळ असू द्या. भूमिगत शिवमंदिरात आत अंधार असतो आणि बऱ्याचदा घोट्याच्या वर पाणी साचलेलं असतं, म्हणून भिजल्या तरी चालतील अशाच सँडल घाला. विठ्ठल मंदिर आणि जनाना महालाच्या आवाराचं तिकीट एकच असतं, ते त्याच दिवशी चालतं. त्यामुळे दोन्ही एका दिवसात बसवा आणि तिकीट जपून ठेवा. कमलमहाल, अकरा दालनांचा हत्तीखाना, महानवमी दिब्बा हा उंच दगडी चौथरा, पायऱ्यांची पुष्करणी हे सगळं जनाना महालाच्याच बाजूला आहे. हजारराम मंदिराला मात्र वेगळा तास द्या, भिंतींवर रामायण कोरलेलं आहे. मुलं बरोबर असतील तर ५० रुपयांची नवी नोट खिशात ठेवा. विठ्ठल मंदिरात नोटेवरचा दगडी रथ समोर उभा दिसला की त्यांचे चेहरे बघा. तिथल्या सुरेल खांबांवर कुणालाही टिचक्या मारू देऊ नका, आधीच फार झिजलेत.

आणि जाण्याआधी घरात भानुदासांची कथा सांगा. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, म्हणजे भानुदासांनी, तो परत नेला, अशी आपली वारकरी परंपरा. १५६५च्या लढाईनंतर हे नगर उजाड झालं. विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. माझ्या आईने पदराच्या टोकाला तुळशीची चार पानं बांधून आणली होती. गाभाऱ्याशी बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि ती पानं तशीच बांधून परत घेऊन आली, पंढरपूरला वाहायला.