शिवण्याआधी उसवायला शिका: जुन्या कपड्यांतून विकण्यासारखं काहीतरी करताना

माझी विकली गेलेली पहिली बॅग परत आली होती. बाहेरून जुनी जीन्स, आतून फुलाफुलांचं अस्तर, चांगली दिसत होती म्हणून ओळखीच्या एका बाईंनी घेतली, आणि तीन आठवड्यांनी आणून समोर ठेवली. धुतल्यावर अस्तर आटलं होतं आणि बॅगेचं तोंड आत ओढून वेडंवाकडं झालेलं. जीन्स शेकडो वेळा धुतलेली आणि अस्तर कोऱ्या कतरणीचं, पाणी कधी न लागलेलं, त्यामुळे दुसरं काय होणार. शिवणीत चूक नव्हतीच, टीप सरळ होती. चूक मशीनवर बसायच्या आधीच झाली होती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या कामात शिवणं हा शेवटचा छोटासा भाग आहे, त्याआधीचं निवडणं, धुणं आणि उसवणं हेच खरं काम. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहितोय, मशीन कसं चालवायचं ते शिकवणारे खूप आहेत.

आधी हे की मिळेल तो कपडा कापायचा नाही. जो अजून घालता येईल असा धडधाकट शर्ट आहे त्याची बॅग करणं म्हणजे पुनर्वापर नाही, चांगला शर्ट वाया घालवणं आहे, तो कुणालातरी देऊन टाका. आपला माल म्हणजे जे कुणीच घालणार नाही ते. कॉलर झिजलेले शर्ट, मांडीला विरलेल्या जीन्स, मध्येच फाटलेल्या चादरी, डाग पडलेले पडदे आणि शिवणकामातून उरलेल्या कतरणी. असा माल कमी पडेल याची काळजी नको, युरोपियन युनियनमध्ये तर 1 जानेवारी 2025 पासून टाकाऊ कापड वेगळं गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक झालंय, म्हणजे ढीग केवढा असेल बघा. त्यामुळे नाही म्हणायला शिका. लोकांना कळलं की तुम्ही जुने कपडे घेता की पोती यायला लागतात आणि घराचं गोदाम होतं, मी स्वतः एक पूर्ण कपाट घालवून बसलोय.

कपडा हातात आला की खिडकीसमोर उभा धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे तो विरलाय, मग वरून कितीही चांगला दिसू दे. नंतर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणा, आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. चर्र असा बारीक आवाज आला की त्या भागावर खडूने फुली. जीन्सला फुल्या बहुतेक मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी येतात, गुडघ्याखालचा पाय मात्र जवळजवळ नव्यासारखा असतो. शर्टाची कॉलर, कफ आणि काख गेलेली, पण पाठ शाबूत. चादर मधोमध संपलेली असते आणि कडा दणकट, म्हणून पूर्वीच्या बायका चादर मधून फाडून कडेच्या बाजू मधे आणून जोडायच्या आणि तीच चादर पुन्हा वापरायच्या. स्ट्रेच कापड असेल तर ओढून सोडा, परत जागेवर येत नसेल तर त्यातलं इलॅस्टिक मेलंय, कपड्यांसाठी ते घेऊ नका.

मग प्रश्न कापड कसलं आहे हा. आतलं लेबल कापलेलं असतं हे गृहीतच धरा. शिवणीच्या आतून चार-पाच धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि सिंकमध्ये, पाण्याशेजारी, पेटवून बघायचं. सुती धागा कागदासारखा जळतो, वास पण कागदाचाच, आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे वास मारतात, काळा गोळा होतो पण बोटाने चुरता येतो. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि त्याचा टणक मणी होतो जो काही केल्या फुटत नाही, गरम असताना हात लावू नका, चामडीला चिकटतो. मिक्स कापडात दोन्ही लक्षणं दिसतात. ही हौस नाही बरं का, इस्त्री कितीवर ठेवायची ते यावरच ठरतं. लेबलवरच्या इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200, आणि सुती म्हणून तीन ठिपक्यांवर फिरवलेली इस्त्री खाली पॉलिस्टर निघालं तर चकाकणारा डाग सोडते जो आयुष्यात जात नाही.

धुण्याबाबत एकच नियम, सगळं धुवायचं, कोरं कापड तर दोनदा. आणि तयार वस्तू गिऱ्हाईक ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात. गडद कापड असेल तर पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासा, फडक्यावर रंग आला तर फिकट कापडाशेजारी त्याला जागा नाही. लोकर आणि रेशमाला क्लोरीनवालं ब्लीच चुकूनही लावू नका, धागाच विरघळतो. आणि कुबट वास घालवायला व्हिनेगर वापरत असाल तर ते ब्लीचमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. जुन्या स्वेटरांना कसर लागलेली असू शकते, घरात आणल्या आणल्या घट्ट पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेवा. घरचे विचारतील फ्रीजरमध्ये स्वेटर का म्हणून, सांगायचं आणि काय.

आता उसवणं. इथेच सगळे घाई करतात, कात्री घेतात आणि शिवणीला लागून सर्र कापत सुटतात. कधी कधी ते बरोबर पण असतं, कारण जीन्सची दुमडून दोन टिपा मारलेली शिवण उसवायला अर्धा तास जातो आणि हाती फक्त बोटभर कापड जास्त येतं. पण शर्टाचं तसं नाही. बाही सुटी केली, खांदा सुटा केला, की पाठीचा एवढा मोठा सलग तुकडा मिळतो की त्यातून लहान मुलाचा अख्खा कुर्ता निघतो. बटणपट्टी तर कापूच नका. काजं आणि बटणं तयार आहेत, ती तशीच्या तशी उशीच्या अभ्र्याच्या मागच्या बाजूला किंवा बॅगेच्या तोंडाला लावली की तुमचं सगळ्यात किचकट काम वाचलं.

उसवायची पद्धत अशी. सीम रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराने, प्रत्येक टाका कापत बसायचं नाही. एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका तोडत जायचं, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा धागा ओढायचा, तो लांबच्या लांब निघून येतो. रिपरच्या एका टोकाला लाल गोळी असते, ती कापडाच्या बाजूला ठेवायची, म्हणजे कापडात भोसकत नाही. जीन्सच्या कमरेला आणि पायाच्या मोहरीला बऱ्याचदा साखळी टाका असतो, पोत्याच्या तोंडाला असतो ना तसाच. उलट्या बाजूने बघितलं की साखळी दिसते. शिवण जिथे संपवलीय ते टोक सापडलं की एका झटक्यात अख्खी शिवण सुटते, सुर्रर्र, आणि उलट्या टोकाने ओढलं तर काहीही होत नाही, नुसती घट्ट होत जाते. पहिल्यांदा मला ते सुटलेलं बघून इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी आणखी तीन जीन्स विनाकारण उसवल्या.

जीन्सच्या खिशाजवळचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे त्या ठोकलेल्या गोल टिकल्या, आधी काढा. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी 1873 मध्ये याचंच पेटंट घेतलं होतं, खिसे फाटू नयेत म्हणून, आणि ते इतकं मजबूत काम आहे की मशीनची सुई त्यावर आपटली की तिचा तुकडा उडून थेट डोळ्याकडे येतो. पकडीने निघत नसेल तर भोवतीचं कापडच कापून टाका. चष्मा घाला.

तुकडे मोकळे झाले की इस्त्री मारून वजनाप्रमाणे ढीग करा, रंगाप्रमाणे नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. रंग जुळला की आपण खूश होतो, पण पातळ सुती जाड डेनिमला जोडलं की ओढ सगळी पातळ कापडावर येते आणि शिवणीच्या शेजारीच ते फाटतं. जोडायचंच असेल तर पातळ तुकड्याच्या मागे दुसरं सुती लावा किंवा इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावा, टी-शर्टचं कापड साध्या कापडाला जोडताना पण हेच, नाहीतर ते वाढतच जातं. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याचा बाण खडूने काढून ठेवा. उसवलेल्या तुकड्याला काठ नसतो, बाण नसेल तर दोन दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही उभं कुठलं, आणि तिरपं कापलेलं जॅकेट दोन धुण्यांत एका बाजूला लोंबायला लागतं. तिरपे, कशातच न बसणारे तुकडे उरतात त्यांच्या उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, पट्ट्या काढा, कडेच्या पायपिंगला कामी येतात.

डिझाईन या ढिगातून काढायचं. आधी स्केच करून मग कापड शोधायला गेलात तर कधीच पुरणार नाही. मी जमिनीवर तुकडे मांडतो, फोटो काढतो, फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघतो, गडद फिकट कुठे गोळा झालंय ते लगेच दिसतं. फुली मारलेले भाग पण अगदीच टाकायचे नाहीत. जपानमध्ये गरीब घरांत ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्पिढ्या कपडे वापरायचे, त्याला बोरो म्हणतात, आणि त्यावरचा साधा धावदोरा म्हणजे साशिको. विरलेल्या भागामागे चांगला तुकडा ठेवून जवळजवळ धावदोऱ्याच्या ओळी घातल्या की तोच भाग सगळ्यात मजबूत होतो, शिवाय लोक नेमकं तेवढंच बघून वस्तू उचलतात.

शिवण्याबद्दल थोडक्यात. साध्या सुतीला 80 नंबरची सुई, डेनिमला 100, चार-पाच थर असतील तर 110, टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची. टाका सुतीला अडीच मिलिमीटर, डेनिमला तीन-साडेतीन. जाड शिवण ओलांडताना मशीनचा कापड दाबणारा पाय तिरका होतो आणि टीप अडकते, तेव्हा पायाच्या मागच्या बाजूला डेनिमची घडी घालून तितकीच उंची द्या, मशीन सुरळीत जातं. नंतर रंगवायचं डोक्यात असेल तर सुती धाग्याने शिवा, पॉलिस्टरचा धागा सुती रंगात रंगत नाही आणि सगळ्या टिपा वेगळ्या उठून दिसतात. काही जण मुद्दाम तसं करतात ती गोष्ट वेगळी.

विकताना दोन-तीन ठिकाणी लोक फसतात. वेळ मोजताना फक्त मशीनवरचा मोजतात. माझ्या एका बॅगेला शिवायला दोन तास लागतात आणि धुणं, उसवणं, इस्त्री, मांडणी धरून आणखी साडेतीन, ते किमतीत धरले नाहीत तर तुम्ही फुकट राबताय, आणि "कापड तर फुकटच मिळालं ना" म्हणणारे भेटतातच, त्यांना एक जीन्स द्या उसवायला. दुसरं, प्रत्येक वस्तू एकमेव असली तरी पॅटर्न तोच ठेवा. दरवेळी नवीन वस्तू करायच्या मोहात हात कधी बसत नाही, एकच बॅग तीस वेगवेगळ्या कापडांत केलीत तर वेग येतो आणि तरी दोन सारख्या होत नाहीत. ऑनलाईन टाकताना मापं सेंटिमीटरमध्ये लिहा, जुन्या कपड्यावरची एम, एल ही साईज काही खरी नसते, आणि जो डाग किंवा रफू आहे त्याचा जवळून फोटो टाका.

मोठ्या ब्रँडचा लोगो किंवा लेबल आपल्या वस्तूवर पुढे मिरवू नका. ट्रेडमार्कची भानगड होऊ शकते, लोकांना वाटतं ती वस्तू त्या कंपनीचीच आहे. आणि "शंभर टक्के इको-फ्रेंडली" असं लिहायच्या आधी विचार करा, चेन नवी, धागा नवा, फ्युजिंग प्लास्टिकवालं. मी लिहितो "बाहेरचं कापड जुन्या जीन्सचं, अस्तर जुन्या चादरीचं, चेन आणि धागा नवीन". कुणी तक्रार केली नाही, उलट विश्वास ठेवतात. धुण्याची सूचना सगळ्यात नाजूक कापडाप्रमाणे द्या.

उरलेल्या चिंध्यांचं काय तर त्या दळून परत धागा करता येतो, इंग्लंडमध्ये बॅटली इथे बेंजामिन लॉ यांनी 1813 मध्येच लोकरीच्या चिंध्यांचं हे जमवलं होतं, शॉडी म्हणतात त्याला. पण दळल्यावर तंतू आखूड होतात आणि बळ येण्यासाठी त्यात नवे तंतू मिसळावे लागतात, म्हणून जोवर कापड कापड म्हणून वापरता येतंय तोवर वापरा. माझ्याकडे अगदी बोटाएवढ्या चिंध्या एका पिशवीत जातात, पिशवी भरली की बारीक कापून उशीत भरतो. जरा जड होते उशी, धुतली की वाळायला दोन दिवस घेते, त्यामुळे अभ्रा वेगळा निघेल असाच शिवायचा, बटणपट्टी आहेच.

त्या बाईंच्या बॅगेचं अस्तर मी उसवून काढलं आणि जुन्या चादरीच्या कडेचं घातलं. साखळी टाका नव्हता, त्यामुळे एक संध्याकाळ गेली.