जूनमधला बर्फ आणि घड्याळ
सह्याद्रीत आपण पहाटे निघतो ते ऊन टाळायला. हिमालयात जूनमध्ये पहाटे निघायचं ते बर्फासाठी. मुंबईहून हामटा किंवा रुपिन पास या हिमालयातल्या खिंडींच्या ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं डोक्यात पक्कं ठेवावं. रात्री गोठलेला बर्फ सकाळी वजन पेलतो, पण तेव्हा तो निसरडाही असतो, म्हणून बुटांना मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे धातूचे खिळे) लावा. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. मोठ्या दगडांच्या कडेला तर जास्तच, कारण तापलेला दगड भोवतालचा बर्फ आतून वितळवतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून कितीही भक्कम दिसो, खालून पाणी त्याला पोखरत असतं. दुपारी त्यावर पाऊल नकोच. ओढेही तेव्हाच फुगलेले असतात. उभ्या उतारावर आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) हवी, पण तिने घसरण थांबवायचा सराव आधी केलेला असेल तरच. नाहीतर ती फोटोपुरती. गॉगल ढगाळ दिवशीही काढू नका. आणि बसून घसरगुंडी करायचा मोह झालाच (होतोच!), तर खालचा उतार शेवटपर्यंत दिसतोय ना ते बघा आणि आधी स्पाइक्स काढा. ते बर्फात अडकले की घोटा गेलाच.