डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज निवडताना आधी रंगाखालचं काम बघा

पत्रा नीट सरळ करून रंगवलेला दरवाजा आणि खड्ड्यात पुट्टी थापून रंगवलेला दरवाजा, दोन्ही डिलिव्हरीच्या दिवशी सारखेच चकाकतात. एक पावसाळा गेला की दुसऱ्यावर फोड येतात, कडेला चीर पडते आणि त्या चिरेतून गंज डोकावतो. तोवर बिल चुकतं झालेलं असतं. म्हणून बाकी सगळ्या कसोट्यांच्या वर एक कसोटी ठेवा: पुट्टी आणि प्रायमर (रंगाखालचा थर) मारण्याआधी जे गॅरेज तुम्हाला उघडा पत्रा बघायला आनंदाने बोलावतं, त्याच्याकडे गाडी द्या. टाळाटाळ करणाऱ्याकडे देऊ नका, भाव कितीही कमी असला तरी.

१. नुकसान कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

बॉनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, डिकी आणि बंपर हे भाग बोल्टवर बसतात. ते खोलून बदलता येतात, आणि फेंडर फार चेमटला असेल तर ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा बसवणं अनेकदा स्वस्तही पडतं आणि कामही चांगलं होतं. क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा), छत, पिलर (छत पेलणारे खांब) आणि एप्रन (इंजिनाशेजारचा आतला पत्रा) मात्र बॉडीला वेल्ड केलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कंपनीचे स्पॉट वेल्ड फोडायचे, पत्रा कापायचा आणि नव्याने जोडायचा. क्वार्टर पॅनेलला हाताच्या पंजाएवढा पोचा असताना कोणी लगेच 'कापून नवा टाकू' म्हणत असेल, तर दुसरीकडे दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

रंग अजिबात फुटला नसेल आणि पोचा उथळ असेल तर पेंटलेस डेंट रिपेअर करणारा कारागीर शोधा. तो आतल्या बाजूने सळ्यांनी दाबून पत्रा वर आणतो. पुट्टी नाही, रंग नाही, कंपनीचा मूळ थर शाबूत राहतो. दरवाजाच्या दुमडलेल्या कडेवर किंवा तीक्ष्ण घडी पडलेल्या जागी हे सहसा जमत नाही.

धडक जोराची असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा दरवाजा लावताना उचलावा लागत असेल, तर प्रश्न पत्र्यापुरता राहत नाही. बहुतेक गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सांगाडा असते. अशा कामाला खेचण्याचा बेंच आणि मोजमापाची सोय लागते. ती नसलेल्या गॅरेजमध्ये साखळी बांधून अंदाजाने ओढतात. वरून सगळं जुळलेलं दिसतं, पण टायर एका कडेने झिजत राहतात.

२. विम्याचा दावा करायचा असेल तर

गाडीला हात लावू देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हे (नुकसानीची पाहणी) होऊ द्या. कॅशलेस हवं असेल तर कंपनीच्या यादीतलं गॅरेज लागतं. यादीबाहेरच्या गॅरेजमधूनही काम करून घेता येतं, तेव्हा पैसे आधी तुम्ही भरता आणि नंतर परतावा मिळतो. त्यामुळे 'विमा आहे म्हणजे अमुकच गॅरेज' असं कोणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नसेल तर किती पैसे खिशातून जातील हे आधीच काढून ठेवा. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, म्हणजे दुसऱ्या वर्षी १० टक्के, चौथ्या वर्षी २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. उदाहरणार्थ, तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं रंगकाम १२,००० रुपयांचं असेल तर माल धरला ३,०००, कपात १,५००. सोबत ६,००० चा बंपर असेल तर त्यातले ३,००० तुमचे. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट (दाव्यातली तुम्हीच भरायची ठरावीक रक्कम) १,००० रुपये. म्हणजे १८,००० च्या कामात ५,५०० तुम्हाला भरायचे, शिवाय नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) जाणार. लहान कामाला कधीकधी दावा न करणंच परवडतं.

'जुना पोचापण याच क्लेममध्ये बसवून टाकतो, काळजी करू नका' असं म्हणणारं गॅरेज तिथेच सोडा. तो खोटा दावा आहे आणि सही तुमची असते. विमा कंपनीशी खोटं बोलायला तयार असलेला माणूस पुट्टीच्या थराबद्दल तुमच्याशी खरं बोलेल, अशी आशा ठेवायला काही कारण नाही.

३. गॅरेजवर जाऊन बघा

फोनवर भाव विचारून काही कळत नाही. सकाळी अकराच्या सुमारास जा, कारण तेव्हा काम चालू असतं.

आधी पेंट बूथ बघा. बंद खोली, फिल्टरमधून येणारी हवा आणि धातू साधारण ६० अंशांवर अर्धा तास भाजण्याची सोय असेल तर उत्तम. ताडपत्रीच्या आडोशाला रंग मारत असतील तर धूळ बसणारच. मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात दमट हवेमुळे रंगावर पांढुरकी छटा येते आणि ओलावा थराखाली अडकतो. बूथ नसलेल्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये रंग लावूच नका. बंपर लटकत नसेल तर दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं, मात्र उघड्या पडलेल्या पत्र्यावर तेवढा प्रायमर मारून घ्या.

मग रंगाची फळी बघा. आजच्या गाड्यांना हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) मिसळून मारायचा टू-के पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग लागतो. स्वस्त कामात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारतात. तो फक्त थिनर उडून सुकतो, त्याची चमक लवकर जाते आणि पेट्रोल सांडलं तरी तो पुसला जातो. फळीवर रंगाच्या डब्याशेजारी हार्डनरचा डबा दिसला पाहिजे. एशियन पीपीजी, नेरोलॅक, स्पाईस हेकर, सिकेन्स अशी नावं बाजारात चालतात. नाव कुठलंही असो, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आणि त्याचा हार्डनर एकाच कंपनीचा आहे ना हे विचारा.

पेंटरच्या तोंडाकडेही बघा. पीयू हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. योग्य मास्क, आणि बूथमध्ये हवा पुरवणारा मास्क, ही चैन नव्हे. जिथे पेंटर नाकाला रुमाल बांधून फवारा मारतो, तिथे मालकाने माणसावरचा खर्च वाचवला आहे. तुमच्या गाडीवरचा तो का करेल?

तयार होऊन उभ्या असलेल्या एखाद्या गाडीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पत्रा सरळ असेल तर रेघ सरळ दिसते, लाटा असतील तर ती सापासारखी वळते. चंदेरी किंवा मोतिया रंगाची गाडी मुद्दाम शोधा, कारण रंग जुळवायला हेच सगळ्यात अवघड. ती उन्हात काढायला सांगा आणि समोरून, तिरकं आणि अगदी कडेने, असं तीनदा बघा. समोरून जुळलेला चंदेरी रंग तिरक्या नजरेला काळपट दिसू शकतो. चांगला पेंटर आधी कार्डावर फवारून नमुना जुळवतो आणि शेजारच्या पॅनेलवर थोडा रंग विरवत नेतो.

४. एस्टिमेट लेखी आणि ओळीवार घ्या

'डेंटिंग-पेंटिंग, एकूण १८,०००' हे एस्टिमेट नव्हे. प्रत्येक पॅनेलसमोर 'दुरुस्ती' की 'बदल', मजुरी वेगळी, रंग वेगळा, सुट्या भागाचा नंबर आणि किंमत, असं मागा. या गोष्टी लिहून घ्याच:

रंगाचा प्रकार आणि किती कोट. गाडीचा कलर कोड, जो दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सुटे भाग कंपनीचे, इतर बनावटीचे की जुने. रंगावर वॉरंटी किती आणि ती कशाकशाला, म्हणजे सोलणं, फोड, रंग उडणं. डिलिव्हरीची तारीख. आणि खोलल्यावर आतलं नुकसान निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय काम वाढवायचं नाही, हे वाक्य.

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची किंमत स्वतः विचारून बघता येते. जुना मूळ दरवाजा नव्या नकली दरवाजापेक्षा अनेकदा चांगला बसतो, त्यामुळे जुन्या मालाला सरसकट नाक मुरडू नका. फक्त बिलावर तसं लिहिलेलं हवं.

बिल जीएसटीचंच घ्या. दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के लागतो. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की गॅरेजचं नाव येतं. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचतात, पण उद्या रंग सोलला तर तुमच्याकडे कागद नसतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तरी आधार या बिलाचाच.

५. काम चालू असताना दोनदा जा

पहिली फेरी पत्रा ठोकून झाल्यावर, पुट्टीच्या आधी. पत्रा जवळजवळ मूळ आकारात आलेला दिसला पाहिजे. पुट्टी, जिला जुने पेंटर 'लांबी' म्हणतात, ती शेवटचे बारीक उंचसखल भरण्यासाठी असते. घासून झाल्यावर तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. जाड थर उन्हात तापून, थंडीत आकसून पत्र्यापासून सुटतो.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के घालतात, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. 'लवकर सुकावं' म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग काही दिवसांनी पांढऱ्या रंगातून वर येतो. कमी घातला तर पुट्टी आतून कच्ची राहते आणि घासायच्या पेपरला चिकटते. दुसरी खोड पाण्याची. वॉटर पेपरने ओलं घासलं की धूळ उडत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी पुट्टीवरच पाणी मारतात. पण ही पुट्टी सच्छिद्र असते, स्पंजासारखं पाणी धरते. वरून प्रायमर बसला की ते पाणी आत कोंडलं जातं. पावसाळ्यानंतरचे फोड बऱ्याचदा इथून येतात. पुट्टी कोरडीच घासायची, आधी ८० नंबर, मग १८०, मग ३२०. पाणी आणि बारीक पेपर प्रायमर सर्फेसर (पुट्टीवर मारायचा जाडसर प्रायमर) मारल्यानंतर. आणि जिथे उघडा पत्रा दिसतो, तिथे गंज रोखणारा एपॉक्सी किंवा एच प्रायमर आधी.

बंपरची गोष्ट वेगळी. तो प्लास्टिकचा असल्यामुळे प्लास्टिक प्रायमर लागतो. तो वगळला की वर्षभरात रंग कातडीसारखा सोलून निघतो. गाडीला एडीएएस (रडार-कॅमेऱ्याने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असेल तर बंपरमागच्या रडारसमोर पुट्टी चालत नाही, आणि बंपर काढल्यावर कॅलिब्रेशन (रडार पुन्हा नेमकं जुळवणं) कोण करणार हे आधीच ठरवा. पार्किंग सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला तर तेही चुकीचं बोलतात.

वेल्डिंग असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढला आहे का ते विचारा. पिलरवर किंवा एप्रनवर गॅसची ज्योत मारताना दिसली तर काम थांबवा. तिथला पोलाद जास्त ताकदीचा असतो आणि तापवल्यावर ती ताकद जाते.

दुसरी फेरी प्रायमरनंतर. दिव्याचे कप, दरवाजाचे हँडल, रबराच्या बीडिंग काढल्या आहेत की टेप लावून भागवलंय ते बघा. टेपच्या कडेपासूनच पुढे रंग सुटतो. दोन्ही फेऱ्यांचे फोटो काढून ठेवा.

६. डिलिव्हरी दिवसा घ्या

संध्याकाळी सात वाजता पिवळ्या दिव्याखाली गाडी ताब्यात घेऊ नका. पातळ सुती रुमाल पंजाखाली धरून पॅनेलवर फिरवा, डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर बघा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००. यंत्राने ५०० च्या वर आकडा दाखवला की खाली पुट्टी आहे, आणि दोन-तीन हजारांच्या पुढे गेला तर तिचा थर फार जाड आहे. दरवाजा-फेंडरमधली फट दुसऱ्या बाजूच्या फटीशी ताडून बघा. क्लेम नसेल तर बदललेले जुने भाग मागून घ्या.

पहिला आठवडा धुलाई केंद्रात नेऊ नका. महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग नको, क्लिअर कोट पूर्ण पक्का होऊ द्या. पक्ष्यांची घाण मात्र त्याच दिवशी साध्या पाण्याने भिजवून काढा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दरवाजा उघडून खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं तपासा. रंगकामात ती बुजतात, पाणी आत साचतं आणि दरवाजा आतून गंजायला लागतो. बुजलेली असतील तर गाडी परत न्या आणि त्यांच्याकडूनच ती मोकळी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.