सीसीआयच्या (भारताच्या स्पर्धा आयोगाच्या) केसेस शिकताय? ‘सेम रेट म्हणजे कार्टेल’ हे आधी डोक्यातून काढा

स्पर्धा कायद्याचं कलम ३ (स्पर्धेला मारक करार) आणि ४ (वर्चस्वाचा गैरवापर) पाठ आहेत, आता पुढे काय वाचू, असं नवीन मुलं विचारतात. मी म्हणतो एक अख्खी ऑर्डर वाच. पेपरात फक्त दंडाचा आकडा येतो, खरं काम त्याच्या आधीचं असतं. तक्रार आली, कमिशनला प्रथमदर्शनी दम वाटला की कलम २६(१) खाली डीजीकडे (कमिशनच्या तपास महासंचालकाकडे) तपास, मग रिपोर्ट, मग सुनावणी, हे माहितीच असेल. २६(१) ची ऑर्डर आली म्हणजे कंपनी दोषी ठरली असं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आता खड्डा. सगळ्यांनी टेंडरमधे एकच भाव भरला म्हणजे झालं कार्टेल, कंपन्यांनी आपसात भाव ठरवलाच! मीही हेच धरून बसलेलो, सिनिअरने ड्राफ्टवर रेघ मारून परत दिला आणि कारण काही सांगितलं नाही. (असे सिनिअर भेटले तर शांतपणे दुसरा शोधा. रेघा मारायला कोणीही मिळतं.)

दोन केसेस शेजारी ठेवून वाचा. एफसीआयला (सरकारी अन्न महामंडळाला) धान्य टिकवायला अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हव्या होत्या, २००९ च्या टेंडरमधे तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये भरले, पैशाचाही फरक नाही, आणि कारखाने वेगळ्या ठिकाणी, खर्च वेगळे, आधीच्या टेंडरांतही असेच जुळणारे भाव, वर एफसीआयच्या गेट रजिस्टरमधे त्यांची माणसं एकाच सुमारास आल्याची नोंद. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला कार्टेल मान्य केलं. आता गॅस सिलिंडरवाल्यांची केस बघा, चाळीसच्या वर कंपन्या, इंडियन ऑइलचं टेंडर, भाव सारखे, टेंडरच्या तोंडावर मुंबईत हॉटेलात बैठकसुद्धा, तरी २०१८ ला दंड रद्द! कारण घेणाऱ्या मुख्यतः तीनच सरकारी तेल कंपन्या, भाव ठरवण्यात त्यांचाच हात वरचा, आणि मागचे रेट सगळ्यांना ठाऊक. अशा बाजारात न ठरवताही भाव जवळ येतात. म्हणून आधी संगनमत दाखवावं लागतं, कलम ३(३) चं गृहीतक (अशा संगनमताने स्पर्धेला मार बसतो असं धरून चालणं) त्यानंतर लागतं आणि तेही खोडता येतं. सारखा भाव दिसला की पुढचा प्रश्न, याला दुसरं काही कारण असू शकतं का? हे स्वतःला विचारल्याशिवाय एक ओळ लिहू नका.

घाबरू नका पण, इकॉनॉमिक्सची डिग्री नसली तरी हे जमतं. सुरुवातीला गोव्याच्या केमिस्ट असोसिएशनवरची २०१२ ची ऑर्डर घ्या, स्टॉकिस्ट (औषधांचा घाऊक विक्रेता) नेमायला असोसिएशनची एनओसी लागायची, विषय मेडिकल दुकानांचा त्यामुळे पटकन कळतो. मग २०२१ ची बिअर कंपन्यांच्या कार्टेलची केस. तिथे एका कंपनीने आधी येऊन सगळं सांगितलं आणि तिचा दंड १०० टक्के माफ झाला, बाकीच्यांचा मिळून आकडा ८७० कोटींच्या वर गेला. व्हॉट्सअॅप आणि मोबाईल मेसेज पुरावा म्हणून कसे वापरलेत ते तिथे नीट बघा.

आणि क्लासच्या रेडीमेड नोट्स, प्लीज नको. त्यातल्या बऱ्याच नोट्स २०१७ च्या रिलेव्हंट टर्नओव्हरवरच (ज्या मालात गडबड झाली फक्त त्याच्या उलाढालीवर दंड) थांबतात. २०२३ च्या दुरुस्तीने दंडासाठी जगभरातला टर्नओव्हर आणला आणि सेटलमेंटही (तडजोडीने केस मिटवणं) आली, जी कार्टेलला मिळत नाही. इंटरव्ह्यूत हेच विचारतात, आणि जुन्या नोट्सवाले इथेच गळतात.