विंचची मोटर जळली म्हणण्याआधी : एटीव्हीचा विंच कसा तपासावा, कसा दुरुस्त करावा

गगनबावड्याच्या अलीकडे एका शेतातल्या चरीत आमची एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी बाइक, पुढच्या दोन्ही चाकांनी रुतली. जुलै होता, पावसाला उसंत नव्हती. विंचचा, म्हणजे मोटरीने दोर गुंडाळत गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, दोर ओढून जांभळीच्या बुंध्याला बांधला, हँडलवरचं बटण दाबलं आणि ऐकू आलं ते फक्त ‘टक्’. परत दाबलं, परत ‘टक्’. शेवटी बैलजोडीनं गाडी बाहेर काढली आणि विंचवर केलेल्या खर्चावरून घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

कोल्हापुरात परतल्यावर एका दुकानात ‘मोटर जळली, नवीन घ्या’ असं सांगितलं गेलं. नवीन मोटरीची किंमत ऐकून मी विंच पोत्यात घातला आणि उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्या (मोटरीच्या तारा गुंडाळणाऱ्या) मिस्त्रींकडे नेला. त्यांनी मोटर नाकाजवळ धरली, वास घेतला आणि म्हणाले, “जळलीया म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी? जळक्याचा वास लपतोय व्हय? उपाशी हाय ही.”

ते खरं निघालं. त्यानंतर मित्रांचे, शेजारच्या रिसॉर्टवाल्याचे मिळून बरेच विंच उघडून झाले. खरोखर जळलेली मोटर क्वचितच सापडली. बाकी सगळ्या उपाशी होत्या, म्हणजे बॅटरीतला करंट वाटेत कुठेतरी अडत होता. म्हणून बॅटरीपासून निघायचं आणि करंट जिथे अडतो तिथे थांबायचं. मोटर उघडायची ती सगळ्यात शेवटी.

आधी वाट ओळखून घ्या

एटीव्हीवरच्या बहुतेक विंचची रचना सारखीच असते. बॅटरीवरून दोन जाड वायरी, लाल आणि काळी, एका छोट्या डबीत जातात. ही डबी म्हणजे कॉन्टॅक्टर. आपल्याकडे तिला सर्रास ‘रिले’ किंवा ‘सोलेनॉइड’ म्हणतात. डबीतून आणखी दोन जाड वायरी मोटरीकडे निघतात. हँडलवरच्या बटणाकडून बारीक वायरी येतात आणि त्या डबीला फक्त हुकूम देतात. चाळीस-पन्नास अँपिअर लागले तरी ते जाड वायरीतून वाहतात. गाडी चांगलीच रुतलेली असेल तर हा आकडा दीडशेच्याही वर जातो. मोटर उलटी-सुलटी फिरते ती कॉन्टॅक्टर आत प्लस-मायनस बदलतो म्हणून.

मोटरीनंतर गिअर, दोर गुंडाळणारा ड्रम आणि ड्रमला गिअरपासून सोडवणारा क्लचचा दांडा. ब्रेक बहुतेक छोट्या विंचमध्ये ड्रमच्या आतच बसवलेला असतो.

हत्यारं फारशी लागत नाहीत. दहा आणि तेराचे पाने, मल्टीमीटर, बारीक पॉलिश पेपर, पितळी ब्रश आणि जंप-स्टार्टच्या जाड वायरी एवढं पुरे. शिवाय मोटारसायकलच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. मीटरपेक्षा हा बल्ब खरं बोलतो. गंजलेल्या वायरीच्या एखाद्या तारेतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि मग त्या वायरीचं पितळ उघडं पडतं.

काम सुरू करण्याआधी क्लच मोकळा करा. मोटर अचानक फिरली तर ड्रम फिरायला नको, आणि ड्रमजवळ बोटं तर नकोतच.

बॅटरी आणि अर्थ (मायनसची वाट)

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करा, बाकीचं नंतर. आता बटण दाबून धरा आणि मीटर बघा. दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी म्हातारी झाली आहे. एटीव्हीची बॅटरी लहान असते आणि गाडीचं चार्जिंग विंचच्या भुकेला पुरत नाही. म्हणून ओढताना इंजिन चालू ठेवा, थोडी रेस द्या आणि मिनिटभर ओढलं की थांबा. मोटरीवर हात ठेवून बघा. हात ठेवता येत नसेल तर चहा घ्या.

पुढची तपासणी बरेच जण करत नाहीत आणि सगळा घोळ तिथेच असतो. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. काळी टोचणी बॅटरीच्या मायनस खांबावर धरा. वायरीच्या लगवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नको, खांबाच्या शिशावरच हवी. लाल टोचणी कॉन्टॅक्टरच्या ज्या बोल्टवर काळी जाड वायर येते तिथे लावा. आता क्लच बसवा, दोर झाडाला किंवा खांबाला बांधा, थोडा ताण येऊ द्या आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. आमच्या विंचला इथे पावणेदोन व्होल्ट दिसले होते. म्हणजे मोटरीला जायचा तेवढा भाग एका काळ्या वायरीतच गरम होऊन वाया जात होता. हीच तपासणी प्लसच्या बाजूनेही करा.

लग सोडवल्यावर दिसलं, बाहेरून चकचकीत आणि आत हिरवट पूड. पावसाळ्यात चिखलाचं पाणी वायरीच्या आवरणातून आत चढतं आणि तांब्याच्या तारा आतून खातं. अशा वेळी लग घासून भागत नाही. तांबं लाल दिसेपर्यंत वायर मागे कापायची, नवीन लग प्रेसने दाबून बसवायचा, त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवायची आणि बोल्ट कसल्यावर वरून व्हॅसलीन लावायचं. आधी व्हॅसलीन, मग बोल्ट असं करू नका. पक्कडीने दाबलेला लग महिनाभरात पुन्हा सैल होतो. उद्यमनगरात कुठल्याही केबलवाल्याकडे प्रेस असतो, काम पाच मिनिटांचं.

‘टक्’ येतं का, ते ऐका

बटण दाबल्यावर आवाजच येत नसेल तर दोष बारीक वायरींच्या बाजूला आहे. बल्ब काढा. एक वायर बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसरी बटणाकडे येणाऱ्या लाल वायरीला. चावी चालू केल्यावर बल्ब लागला नाही तर फ्यूज गेला आहे किंवा चावीकडची वायर तुटली आहे. तिथे लागला, पण बटण दाबूनही पुढच्या वायरीवर लागत नसेल तर बटण गेलं. हँडलवर ते उघड्यावर असतं, आत पाणी जाऊन पत्रा सडतो. उघडून साफ केलं तर कधीकधी चालतं, पण नवीनच घ्यावं.

बटणाकडून व्यवस्थित करंट येतोय आणि तरी ‘टक्’ नाही, तर कॉन्टॅक्टरची आतली कॉइल तुटली असेल किंवा तिला अर्थ मिळत नसेल. बऱ्याच कॉन्टॅक्टरमध्ये कॉइलचा अर्थ त्याच काळ्या जाड वायरीतून येतो. म्हणून ती आधी बघितली.

एका दिशेला चालतो आणि दुसऱ्या दिशेला नाही? मोटर चांगली आहे. दोष बटणात किंवा कॉन्टॅक्टरच्या अर्ध्या भागात आहे. कॉन्टॅक्टरवरच्या दोन बारीक वायरी एकमेकींच्या जागी लावून बघा. ड्रम फिरण्याची रुसलेली दिशा बदलली तर बटण, तीच राहिली तर कॉन्टॅक्टर.

‘टक्’ येतं पण मोटर फिरत नाही, तर कॉन्टॅक्टरच्या आत बघावं लागतं. आत तांब्याची चकती दोन बोल्टांवर आदळून करंट जोडते. प्रत्येक वेळी ठिणगी पडते, तांब्याला खड्डे पडतात, काजळी धरते. बटण दाबून धरलेलं असताना मोटरीकडच्या दोन बोल्टांमध्ये मीटरने व्होल्ट बघा. बॅटरीइतकेच किंवा अर्धा व्होल्ट कमी असतील तर कॉन्टॅक्टर बरा आहे आणि उपासमार मोटरीच्या आत आहे. तिथे चार-पाचच व्होल्ट असतील तर कॉन्टॅक्टर बदला. पॉलिश पेपरने घासलेला कॉन्टॅक्टर एखादा हंगाम चालतो, पण मी तो डोंगरात नेणार नाही.

याच चकतीचं दुसरं सोंग जास्त घातक आहे. ती चिकटते आणि बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतो. अशा वेळी बटणाशी खेळत बसू नका, बॅटरीची वायर काढून टाका. म्हणूनच बॅटरीजवळ हाताने फिरवायचा मेन स्विच बसवून घ्यावा. विंच विकणारे तो सांगत नाहीत, पण बोटांची किंमत विंचपेक्षा जास्त असते.

मोटरीला थेट खायला घाला

अजून उत्तर मिळालं नसेल तर मोटरीच्या दोन्ही जाड वायरी कॉन्टॅक्टरवरून काढा. क्लच मोकळा आहे ना, ते पुन्हा बघा. जंप-स्टार्टच्या वायरींनी कारच्या चांगल्या बॅटरीवरून थेट करंट द्या. फिरली? वायरी उलट करा. उलटी फिरली? मग मोटरीला काही झालेलं नाही, मागे जाऊन कॉन्टॅक्टर आणि अर्थ परत तपासा. अडखळत फिरली, किंवा बुडावर पान्याने हलकं टकटक केल्यावर फिरली, तर कार्बन ब्रश (मोटरीच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे ठोकळे) अडकलेत.

आता मोटर उघडायची. बॉडी आणि दोन्ही टोप्यांवर एकाच रेषेत खूण करा. नाहीतर नंतर लांब बोल्ट भोकात बसत नाहीत आणि माणूस शिव्या देतो. टोपी हळू ओढा. आतली चुंबकं आर्मेचरला (मोटरीच्या फिरणाऱ्या भागाला) जोरात ओढून धरतात आणि बोट मध्ये सापडलं तर कळतं. बॉडीवर हातोडी मारू नका, चुंबकं डिंकाने चिकटवलेली असतात आणि उखडतात.

आमच्या मोटरीतून लालसर पाण्याची धार निघाली होती. चार ब्रशांपैकी दोन गंजाने घरात घट्ट बसले होते, स्प्रिंग त्यांना ढकलूच शकत नव्हती. मिस्त्रींनी घर साफ केलं, ब्रश बोटाने खाली-वर सरकेपर्यंत. मग आर्मेचर हातात घेऊन कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, दाखवला. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमधली खाच कार्बनच्या भुकटीने भरली होती. त्यांनी बारीक पॉलिश पेपरची पट्टी गोल फिरवली. एमरी पेपर नको म्हणाले, त्याची भुकटी खाचेत बसून शॉर्ट करू शकते. मग हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा घेऊन प्रत्येक खाच उकरली. त्यानंतर मीटर : प्रत्येक पट्टी आणि मधला शाफ्ट यांच्यात काहीच वाजायला नको. वाजलं, किंवा वाइंडिंगचं वॉर्निश काळं होऊन जळका वास येत असेल, तर मोटर खरंच जळली आहे आणि रिवाइंडिंगचा (नव्या तारा गुंडाळून घेण्याचा) खर्च विचारायला हरकत नाही.

ब्रश झिजले असतील तर मापाचे मिळत नाहीत, ही नेहमीची रड आहे. गाडीच्या सेल्फ-स्टार्टरचे थोडे मोठे ब्रश घेऊन कानसने घासून बसवता येतात. त्यात तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि बारा व्होल्टला तेच लागतात. मिक्सर किंवा ग्राइंडरचा काळा कार्बन घातला तर मोटर फिरेल, पण अर्ध्या ताकदीने, आणि तुम्ही पुन्हा बॅटरीला दोष द्याल.

परत जोडताना चारही ब्रश एकाच वेळी मागे धरून ठेवायला हात पुरत नाहीत. सायकलच्या स्पोकचे वाकवलेले तुकडे ब्रशाच्या मागे अडकवायचे, आर्मेचर बसलं की ओढून काढायचे. टोपीच्या जोडावर पातळ सिलिकॉन लावा. पण बुडाशी पाणी निचरायचं भोक असेल तर ते बुजवू नका.

मोटर फिरते, ड्रम नाही. किंवा ड्रम धरत नाही

पहिल्यात बहुतेक वेळा क्लचचा दांडा पूर्ण बसलेला नसतो. ड्रम हाताने थोडा हलवत दांडा फिरवा. तरी नाही तर मोटर आणि गिअर जोडणारा कपलर गोल झाला असेल, तो लेथवाल्याचा विषय. गिअर उघडले तर जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन नवीन भरा. ब्रेकला मात्र ग्रीस लागू देऊ नका.

चढावर गाडी हळूहळू मागे सरकत असेल तर ब्रेक खोलण्याआधी दोर कुठल्या दिशेने गुंडाळला आहे ते बघा. उलटा गुंडाळला तर ‘आत’ आणि ‘बाहेर’ची बटणंही उलटी वागतात आणि ब्रेक धरत नाही. सिंथेटिक दोर असेल तर विंच सोडत उतारावर लांब उतरू नका. तापलेला ब्रेक ड्रमच्या आत असतो, खालचे थर वितळतात.

जोडणी झाली की दोर मोकळा सोडून परत गुंडाळा. वायररोप असेल तर ड्रमवर किमान पाच वेढे राहू द्या, सिंथेटिक असेल तर आठ-दहा. नंतर एखाद्या सौम्य चढावर गाडीचा ब्रेक सोडून गाडी तिच्याच विंचने वर ओढा. हातात चामडी मोजे असू द्या, वायररोपवर मध्यभागी ओलं घोंगडं टाका आणि दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. वर पोचल्यावर मेन स्विच बंद करून बॅटरीपासून मोटरीपर्यंत प्रत्येक लगवर बोट ठेवत जा. बाकी सगळे कोमट आणि एखादाच चटका देत असेल तर तोच बोल्ट सोडा, घासा आणि पुन्हा कसा.