पिच डेक घेऊन निघण्याआधी

मागच्या हिवाळ्यात बावीस पानांचं पिच डेक, म्हणजे एका नाटकावरच्या सिनेमासाठी पैसे मागायला केलेली सादरीकरणाची फाइल, घेऊन मी गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या भाऊंसमोर बसलो होतो. गोष्ट त्यांना आवडली, चहा दुसऱ्यांदा आला. मग त्यांनी विचारलं, "नाटक दुसऱ्याचं आहे ना? तुमच्या नावावर कागद कुठं आहे?" कागद नव्हता. लेखककाका फोनवर "घे रे बापा, तुझंच समज" म्हणाले होते, तेवढ्यावर मी निघालो होतो. सातबारा नसताना वावर विकायला आलेल्याकडं बघावं तसं भाऊंनी माझ्याकडं बघितलं.

तर आधी हक्काचा कागद. डेकचं पहिलं पान करायच्याही आधी. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकावर सिनेमा काढणार असाल तर हक्क लेखकाकडे आहेत की त्यानं ते वडशाच्या एखाद्या मंडळाला देऊन टाकलेत, हे शोधा. माझ्या वेळी दोघंही "माझंच" म्हणत होते. लेखक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, त्यामुळं "जुनंच तर नाटक आहे" हे चालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ एकदा वाचाच. हक्क देणं लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि खरी मेख अशी, की कागदात वेगळं काही नमूद नसेल आणि वर्षभरात हक्क वापरला नाही, तर दिलेला हक्क संपतो. आपल्याकडं वर्षात निर्माता तरी सापडतो का? म्हणून मुदत, प्रदेश, ओटीटी, डबिंग, रिमेक, मोबदला, सगळं लिहून घ्या. वकिलाला पैसे द्या. मी ते पोस्टरच्या डिझाइनवर घातले होते.

आता डेक. एका वाक्यात गोष्ट, मग एका पानात गोष्ट, शेवटासकट. पैसे मागायच्या माणसापासून सस्पेन्स कसला ठेवता? दिग्दर्शकाचं टिपण अर्धं पान पुरे, लहानपणाच्या आठवणी नकोत. फोटो स्वतः काढा. मी नेटवरून उचललेलं गव्हाचं शेत टाकलं होतं, आणि समोर बसलेल्या माणसाचा जन्म धानात गेलेला.

वेळापत्रकाचं पान खरं असू द्या. धानाची रोवणी दाखवायची तर जुलैच्या आसपास बांधीत उतरावं लागेल, म्हणजे पावसात वाया जाणारे दिवस बजेटमध्ये धरा. झाडीपट्टीचे नट हवेत तर दिवाळी ते होळी त्यांचं नाव काढू नका, रात्रभर नाटक करून ते सकाळी झोपतात. नागझिऱ्याच्या जंगलात शूटिंग लिहिलंत तर वनविभागाची परवानगी कुठवर आली तेही लिहा.

बजेट म्हणजे एक गोल आकडा नव्हे. कलाकार, कॅमेरा, प्रवास, जेवण, शूटिंगनंतरचं एडिटिंग-आवाजाचं काम, प्रसिद्धी असं फोडून द्या. किती जमलं, किती कमी पडतंय, आणि समोरच्याचे पैसे कुठून परत येणार? राज्य सरकारचं अनुदान परताव्याच्या रकान्यात ठोकून "हमखास" लिहू नका. ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन, दर्जा मिळाला तर. शूटिंगच्या जेवणावळी त्यातून निघत नाहीत. आणि हो, हक्कासाठी लेखकाला द्यायची रक्कमही बजेटमध्ये लिहा, म्हणजे कागद आहे हे न बोलता कळतं. कागद आहे ना?

पानं बारा-पंधरा, बस. इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजाराकडं डोळा असेल तर इंग्रजी डेक वेगळं करा. फाइल पीडीएफच, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं दुसरीकडं. व्हॉट्सअ‍ॅपवर उघडून वाचता येतं का बघा, भाऊ तिथंच बघणार.

चार्जर. पेनड्राइव्ह. लाइन जाते, म्हणून छापील चार प्रती. शेवटच्या पानावर मोबाइल नंबर. कागदाची झेरॉक्स प्रत्येक प्रतीला टाचून. मूळ कागद घरी, कपाटात.