बॅकग्राउंड ब्लर खोटा का वाटतो? एडिटिंगमधल्या या चुका टाळा

दिवाळीत अंगणात काढलेला पूर्ण उंचीचा फोटो घ्या. माणूस पुढे, मागे पणत्यांची रांग, त्यामागे घराची भिंत, दारात आकाशकंदील आणि माळेचे दिवे. मोबाइलचा फोटो असल्यामुळे सगळंच स्पष्ट आलेलं असतं. मग फोटोशॉपमध्ये माणूस सिलेक्ट करायचा, सिलेक्शन उलटं करायचं आणि गॉशियन ब्लर (सगळीकडे सारखं धुकं पसरवणारा साधा फिल्टर) ४० देऊन मोकळं व्हायचं, अशी बहुतेकांची पद्धत. त्यातून माणूस पुठ्ठ्यातून कापून पडद्यासमोर उभा केल्यासारखा दिसतो. भिंगातून येणारा धूसरपणा अंतरावर ठरतो आणि या पद्धतीत अंतराचा विचारच नसतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्या पार्श्वभूमीला एकच ब्लर

फोकस माणसावर असेल तर त्याच्या पायाखालची फरशी स्पष्टच असली पाहिजे. कॅमेऱ्यापासून माणूस जितका लांब, त्याच्या दुप्पट अंतरावरच्या वस्तूला जास्तीत जास्त ब्लरच्या निम्मा ब्लर येतो. तिप्पट अंतरावर दोन तृतीयांश, चौपट अंतरावर पाऊण. त्यापुढे कितीही लांब गेलं तरी वाढ थोडीच. म्हणजे खरा बदल माणसाच्या लगेच मागच्या दोन-चार मीटरांत घडतो आणि नेमका तोच भाग लोक विसरतात.

हे हिशेब करत बसायची गरज नाही. सपाट जमिनीचं गणित फोटोतच दडलेलं असतं : पायापासून क्षितिजापर्यंत सरळ रेषेत काढलेला काळा ते पांढरा ग्रेडियंट हे अंतराचं प्रमाण बरोबर देतो. अंगणात क्षितिज दिसत नाही, पण ते शोधता येतं. फोटो काढताना मोबाइल ज्या उंचीवर होता, समोरच्या माणसाच्या अंगावर त्याच उंचीला क्षितिजाची रेघ येते. मोबाइल छातीच्या उंचीवर धरला असेल तर रेघ छातीवरून जाते.

आता चॅनल्स पॅनेलमध्ये नवा अल्फा चॅनल, म्हणजे फोटोसोबत साठवलेला काळा-पांढरा थर, घ्या. पायाच्या रेषेवर काळा, क्षितिजाच्या रेषेवर पांढरा असा लिनिअर ग्रेडियंट ओढा. माणसाच्या पुढे जमीन दिसत असेल तर पायापासून खाली तोच काळा ते पांढरा बदल त्याच वेगाने उलटा न्या, कारण पुढची जमीनही फोकसबाहेर जाते. मग उभ्या वस्तू घ्या. भिंत जिथे जमिनीला टेकते तिथला राखाडी रंग आयड्रॉपरने उचला आणि पूर्ण भिंत वरपर्यंत त्याच रंगाने भरा. भिंतीचा पाया पायाची रेघ आणि क्षितिज यांच्या बरोबर मध्ये येत असेल तर ती ५० टक्के राखाडी होईल, म्हणजेच माणसाच्या दुप्पट अंतरावर. पणत्या, कुंड्या, खांब यांनाही हाच नियम. माणसाच्या शेजारीच उभा असलेला खांब किंवा त्याने धरलेला कठडा मात्र काळाच राहतो. तो धूसर झाला की फोटो लगेच पकडला जातो.

यानंतर फिल्टर, ब्लर, लेन्स ब्लर उघडा, डेप्थ मॅपच्या (अंतराच्या नकाशाच्या) सोर्समध्ये तो अल्फा चॅनल निवडा आणि ब्लर फोकल डिस्टन्स ० ठेवा. गिंप या मोफत एडिटरमध्ये २.१०.२० आवृत्तीपासून आलेले व्हेरिएबल ब्लर आणि लेन्स ब्लर हे फिल्टर असाच राखाडी थर मास्क म्हणून घेतात.

आकडा अंदाजाने टाकणं

किती ब्लर द्यायचा याचं मोजमाप माणसाच्या चेहऱ्यावरच असतं. खूप लांबच्या दिव्याचा ब्लर होऊन जो गोल बनतो, तो माणसाच्या जागी धरलेल्या, भिंगाच्या छिद्राएवढ्या चकतीइतका मोठा दिसतो. ८५ मिलिमीटर एफ/१.८ भिंगाचं छिद्र (८५ भागिले १.८) सुमारे ४७ मिलिमीटर, ५० मिलिमीटर एफ/१.८ भिंगाचं सुमारे २८ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर असतं. म्हणून चेहरा समोर असेल तर रूलर टूलने हे अंतर पिक्सेलमध्ये मोजा. ८५ च्या भिंगासारखा परिणाम हवा असेल तर त्याच्या पाऊणपट, ५० सारखा हवा असेल तर निम्म्याहून थोडा कमी, एवढा गोलाचा व्यास ठेवा. रेडियस त्याच्या निम्मा.

आपल्या अंगणातल्या फोटोत माणूस २००० पिक्सेल उंच असेल तर बुबुळांमधलं अंतर जेमतेम ८० पिक्सेल भरतं. म्हणजे ८५ च्या भिंगालाही सर्वांत लांबच्या दिव्यांना ३० च्या आसपास रेडियस पुरतो आणि दुप्पट अंतरावरच्या भिंतीला १५. पूर्ण उंचीच्या फोटोत याहून जास्त ब्लर दिला की माणूस खेळण्यातल्या बाहुलीएवढा वाटू लागतो.

जवळून काढलेल्या चेहऱ्याचं उलट होतं. बुबुळांमधलं अंतर ६०० पिक्सेल असेल तर २२५ चा रेडियस लागतो आणि लेन्स ब्लरचा स्लायडर १०० वर संपतो. अशा वेळी एकावर एक दोनदा ब्लर मारू नका, गोलांच्या कडा त्याने विरघळतात. फोटो आधी ज्या आकारात वापरायचा त्या आकाराला लहान करा, मग ब्लर द्या.

माणसाभोवती रंगाची झळाळी

लाल साडीभोवती लालसर धुकं, काळ्या केसांभोवती काळपट वलय. ब्लर म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी. माणूस लेअरमध्येच असेल तर त्याचा रंगही त्या सरासरीत शिरतो. सिलेक्शन कितीही नेमकं असलं तरी हे टळत नाही, म्हणून माणूस मागच्या लेअरमधून काढूनच टाकावा लागतो.

लेन्स ब्लर देण्यापूर्वीच मूळ लेअरच्या दोन प्रती करा. वरच्या प्रतीवर माणसाचा मास्क, म्हणजे माणूस सोडून बाकीचं झाकणारा थर. ब्लर द्यायचा तो खालच्या प्रतीला. खालच्या प्रतीवर तेच सिलेक्शन १० ते १५ पिक्सेल वाढवून कंटेंट-अवेअर फिल करा, म्हणजे ती जागा फोटोशॉप आजूबाजूच्या भागावरून भरतं. भरलेली जागा मधोमध विचित्र दिसली तरी चालते, ती माणसाच्या मागे झाकली जाणार आहे. कडेची पट्टी तेवढी नीट हवी, ब्लरच्या रेडियसएवढी रुंद. तिथे दुसरा हात किंवा साडीचा तुकडा उगवला असेल तर क्लोन स्टँपने पुसा. पायाजवळची सावली मात्र फिलमध्ये जाऊ देऊ नका. ती गेली की माणूस हवेत तरंगतो. त्यासाठी पायापाशी सिलेक्शन वाढवायचंच नाही.

दिवे मळकट होणं

माळेचा दिवा डोळ्याला भिंतीच्या कितीतरी पट तेजस्वी दिसतो. जेपेग फोटोत मात्र उजेड ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा मोजतात आणि दिव्याला २५५ च्या पुढे जाता येत नाही. ब्लर केल्यावर तेवढाच उजेड मोठ्या गोलात पसरतो आणि दिव्याच्या जागी राखाडी डाग उरतो. त्यात गॉशियन ब्लर असेल तर गोलाला कडही येत नाही, नुसतं धुकं राहतं. शिवाय आठ बिटच्या नेहमीच्या फोटोत सरासरी काढताना उजेड कमी मोजला जातो. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळले तर १२८ येतं, खऱ्या उजेडाच्या हिशेबाने ते १८८ यायला हवं.

लेन्स ब्लरमधले स्पेक्युलर हायलाइट्सचे दोन स्लायडर यासाठीच आहेत. थ्रेशोल्ड २५५ पासून हळूहळू खाली आणा, फक्त दिवे उजळतील तिथे थांबा, आणि ब्राइटनेस १० ते २० च्या पुढे नेऊ नका. थ्रेशोल्ड २२० पर्यंत खाली ओढला की चुन्याची भिंत आणि पांढरी रांगोळीही दिव्यासारखी पेटते. पिवळा दिवा फोटोत मधोमध पांढराफटक झालेला असतो, म्हणून त्याचा गोलही पांढरा येतो. ब्लर देण्यापूर्वी दिव्याच्या मधल्या पांढऱ्या ठिपक्यावर कडेचाच पिवळा रंग, लेअरचा मोड मल्टिप्लाय ठेवून, ब्रशने हलका फिरवा. कलर मोडमध्ये पांढऱ्याफटक ठिपक्यावर रंग चढतच नाही.

केस, बांगड्या आणि चष्मा

मास्कची कड कात्रीने कापल्यासारखी असू नये. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत कपड्यांच्या कडेला १ पिक्सेलचा फेदर (कडेचा मऊपणा) पुरतो. केसांवर सिलेक्ट अँड मास्कमधला रिफाइन एज ब्रश फिरवा आणि कडेला मागच्या भिंतीचा रंग चिकटला असेल तर डिकंटॅमिनेट कलर्स लावा. एक-दोन भुरे केस गमावले तरी बिघडत नाही, पण केसांसोबत स्पष्ट भिंतीची झालर आली तर सगळी मेहनत वाया.

त्याहून जास्त वेळा राहून जातात ती भोकं. कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामधला त्रिकोण, मनगट आणि सैल बांगडीमधली फट, झुमक्याच्या कडीतली जागा. तिथून मागचं अंगण दिसतं आणि ते धूसरच हवं. चेहरा वळलेला असेल तर चष्म्याच्या काचेतून मागचा भाग दिसतो, तोही. ऑटोमॅटिक सिलेक्शन या जागा सर्रास सोडतं, म्हणून फोटो २०० टक्के मोठा करून एकदा पूर्ण बाह्यरेषेवरून फिरा. लाइटरूमचं लेन्स ब्लर वापरत असाल तर व्हिज्युअलाइज डेप्थ चालू करून याच जागा तपासा आणि फोकस व ब्लर या ब्रशांनी दुरुस्त करा.

प्लास्टिकसारखी गुळगुळीत पार्श्वभूमी

रात्रीच्या फोटोत माणसाच्या अंगावर नॉइज, म्हणजे बारीक दाणे, असतो. ब्लरने मागचा नॉइज पुसला जातो आणि दोन वेगळे फोटो जोडल्याचा भास होतो. ब्लर झालेल्या लेअरवर ॲड नॉइज, गॉशियन, १ ते ३ टक्के द्या. १०० टक्के झूमला गालावरचा दाणा आणि भिंतीवरचा दाणा शेजारी ठेवून जुळवा. फोटो ब्लरपूर्वी १६ बिटमध्ये नेला असेल तर आकाशात दिसणारे पट्टेही या नॉइजमध्ये मिटतात.